रामेश्वरची चौथी तारीख

धुळे,
गुरुवार, ६ मार्च १९५८

प्रिय जीवरामभाऊ,

सा. नमस्कार. तुमचं पत्र परवा ड्यूटी उतरून चाळीसगावच्या रनिंग रूममध्ये झोपायला गेलो तेव्हा मिळालं. रामेश्वरला आता या महिन्यात नाही, कार्तिकात जायचं, असं कळवलंत. चैत्र-वैशाखात तिकडची वाळू तापते, मग पावसाळा, मग समुद्र खवळलेला, तेव्हा दिवाळी झाल्यावर निवांत निघू, घाई कशाला, असं तुम्ही म्हणता. मी अजून झुंबरला हे सांगितलेलं नाही. तिनं ट्रंकेत दोन लुगडी वेगळी काढून ठेवली आहेत, आणि गल्लीतल्या बायकांना ती रोज बेटाची एक नवी गोष्ट सांगते. काल मला विचारत होती, चहूकडून समुद्र आहे तर "पानीमा बुडत नही का बठ्ठं गाव?" मी म्हटलं, इतकी वर्षं बुडालं नाही, आपण जाऊन येईपर्यंत टिकेल. पत्राच्या शेवटी तुम्ही लिहिलंय की रविवारी रजा संपते, सोमवारी संध्याकाळी सहाला इंजिनशेडवर हजर होतो, आणि माझ्या जागी तुम्हाला नवा फायरमन म्हणून लोटन दिलाय. ती ओळ मी पाच-सहा वेळा वाचली.

भाऊ, तुम्हाला सिग्नल दिसत नाही. हे इतक्या सरळ शब्दांत मी आजवर तुमच्यासमोरही बोललो नव्हतो. आपण दोघं त्याला "डोळ्यांची कुरकुर" म्हणत आलो. "आज कुरकुर जास्त आहे," असं तुम्ही म्हणालात की मी फावडं दुसऱ्या फायरमनकडे, उखर्डूकडे देऊन खिडकीशी उभा राहायचो आणि भुसावळ येईपर्यंत तिथून हलायचो नाही. चौदा महिने मी सिग्नल सांगायचा आणि तुम्ही इंजिन चालवायचं, असं चाललं. एक तारखेला माझी बदली चाळीसगावला झाली आणि मी धुळ्याच्या गाडीवर आलो. त्याच दिवशी तुम्ही रजा टाकलीत, हे मला इथं आल्यावर समजलं. शेतात कापसाचं काम निघालं म्हणून, असं सगळ्यांना सांगितलंत. मार्चमध्ये कापसाचं कसलं काम असतं, हे शेडवर कोणी विचारलं नाही. तुमच्यावर सगळ्यांचा विश्वास आहे.

गेल्या वर्षीच्या पौषातली ती दुपार मला आठवते. निंभोऱ्याहून केळी भरलेल्या मालगाडीच्या वाघिणी घेऊन आपण येत होतो. स्वच्छ ऊन होतं. स्टेशनाबाहेरचा आउटर सिग्नल जवळ आला तेव्हा तुम्ही विचारलंत, "वना, पडला का रे?" सिग्नलचा हात पडला की रस्ता मोकळा, आडवा असला की थांबायचं; तो आधी ड्रायव्हरनं बघायचा, आवाज द्यायचा, आणि मग फायरमननं बघून तोच आवाज परत द्यायचा, असा नियम. आठ वर्षं आपण तसंच केलं होतं. त्या दिवशी तुम्ही पहिल्यांदा मला आधी विचारलंत. मी म्हटलं, "पडला, भाऊ." मग तुम्ही मोठ्यानं म्हणालात, "पडला." मला वाटलं, माझी ड्रायव्हरची परीक्षा जवळ आलीय म्हणून तुम्ही मला तयार करताय. त्या दिवसापासून तुम्ही प्रत्येक सिग्नल मला विचारू लागलात आणि मी छाती फुगवून उत्तरं देऊ लागलो. घरी झुंबरला म्हटलंसुद्धा, की भाऊ मला ड्रायव्हर केल्याशिवाय सोडत नाहीत. तीन आठवडे मी त्या आनंदात होतो. आता आठवलं की मान खाली जाते.

मग जळगावला इंजिन पाणी घ्यायला थांबलं होतं. तुम्ही नळाच्या चार हात पुढे गेलात, मागे घेतलंत, तर चार हात मागे. उखर्डू कोळसा-पाण्याच्या टेंडरवरून ओरडला, "भाऊ, इंजिनले झोका देता का काय?" तुम्ही हसलात. माझ्याकडे बघून, मला डोळा मारून हसलात. पण मी तिथं नव्हतो. मी दुसऱ्या बाजूला उतरून उभा होतो. तुम्ही हसत होतात ते खुंटीला टांगलेल्या माझ्या काळ्या कोटाकडे बघून. त्या दिवशी मला समजलं. मी खालून हाक दिली तेव्हा तुम्हालाही समजलं, की मला समजलंय. भुसावळ येईपर्यंत आपण दोघं फक्त सिग्नलचे आवाज तेवढे देत होतो.

रामेश्वर निघालं ते त्याच आठवड्यात. मुथय्या गार्डानं रनिंग रूमच्या फरशीवर खडूनं बेट काढून दाखवलं. मनमाडहून दौंडमार्गे मद्रास, तिथं एका स्टेशनावरून दुसऱ्या स्टेशनावर जायचं, संध्याकाळची बोट मेल धरायची. दुसऱ्या दिवशी समुद्रावरचा पांबनचा पूल, आणि पूल उतरला की दोन फाटे, एक रामेश्वरला, एक धनुष्कोडीला. तुम्ही उकिडवे बसून ती खडूची रेघ बोटानं चाचपत होतात. मुथय्याला वाटलं, तुम्ही लांबी मोजताय. तुम्ही तिथंच तीन दिवस ठरवून टाकलेत. पहिल्या दिवशी देवळाचे लांबच लांब सोपे, दुसऱ्या दिवशी धनुष्कोडीच्या धक्क्यावर जाऊन सिलोनची बोट सुटताना बघायची, तिसऱ्या दिवशी नुसता पूल. जहाज आलं की पुलाचा मधला भाग माणसं हातानं दांडे फिरवून उघडतात आणि गाडी तोवर थांबून राहते, हे ऐकल्यापासून तुम्हाला देवळात रस उरला नाही. तुमच्या सासूबाई भिकुबाई गंगाजळाचा तांब्या बरोबर न्यायचा म्हणाल्या, तर तुम्ही त्यांना म्हणालात, ही यात्रा नाही, ही सहल आहे, पाप धुवायचं असेल तर तापी जवळ आहे. भिकुबाई चार दिवस तुमच्याशी बोलल्या नाहीत.

एका रात्री तुमच्या घरी जेवणं झाल्यावर तुम्ही मला अंगणात घेऊन बसलात आणि म्हणालात, "बेट मंजे चहूकडून पानी. मले ते एकदा पाहू दे, वना. तिथून आलो की मी सोता साहेबाले लिहून देतो, माह्याच्यानं आता होत नाही मनून." मी हो म्हटलं. तुमच्यावर उपकार म्हणून नव्हे. तुम्ही मला इंजिन ऐकायला शिकवलंत. कोळसा कुठे टाकायचा ते धुराच्या रंगावरून सांगायला शिकवलंत. साहेबापुढे माझं नाव तुम्ही काढलंत. ज्यानं एवढं दिलं, तो दोन-तीन महिने मागतो, तर द्यावेत, असं मला वाटलं. चैत्र लांब नव्हता.

चैत्रात तुमच्या कुंदाची सातवीची परीक्षा निघाली. ती तर आधीपासून ठरलेली होती, पण तुम्ही म्हणालात, पोरीला मागे ठेवून समुद्र बघायचा का? मग दिवाळीनंतरची तारीख धरली, तर मुथय्या म्हणाला, तिकडे त्या दिवसांत वादळं होतात. मग चोवीस फेब्रुवारी. ती तारीख रेल्वेच्या फुकट पासावर सासूबाईंचं नाव घालता येत नाही यावरून मोडली. आपण नेत नाही म्हणत होतो त्याच सासूबाई, भाऊ. मग हा मार्च धरला. प्रत्येक वेळी कारण खरं होतं, म्हणून मला काही बोलता आलं नाही. आणि प्रत्येक वेळी तारीख मोडली की तुमच्या बेतात एक नवी गोष्ट यायची. बेटावर विहिरींचं पाणी गोड आहे. नारळ झाडावरून काढून तिथंच फोडून देतात. वाळूतून चालताना जोडे हातात घ्यायचे. बेबावहिनींनी कळण्याच्या पिठाचा डबा तीनदा भरला आणि तीनदा घरातच संपवला, कारण तिकडे भाताशिवाय काही मिळणार नाही आणि तुम्हाला भाकरीशिवाय चालणार नाही. मला आधी वाटायचं, बेट बघायची हौस भागली नाही म्हणून तुमच्यानं इंजिन सुटत नाही. आता वाटतं, इंजिन सोडायचं नाही म्हणून बेटाची तारीख पुढे जाते. बेटावरून परत यावं लागेल, आणि आलं की लिहून द्यावं लागेल. जोवर जायचं आहे, तोवर तुम्ही ड्रायव्हर आहात.

अकरा फेब्रुवारीची गोष्ट आपण दोघांनी पुन्हा काढली नाही. मी काढतो. चाळीसगावहून मोकळ्या वाघिणी घेऊन येत होतो. सकाळचे अकरा वाजले असतील. बॉयलरला पाणी जाईना म्हणून मी खाली वाकलो होतो. उखर्डूचं तोंड आगीकडे. किती वेळ मी वाकलो असेन? माणूस चहाचा एक कप पिईल इतका. तेवढ्या वेळात आउटर येऊन ठेपला होता, हात आडवा होता, आणि तुम्ही वाफेचा रेग्युलेटर उघडा ठेवून, मान बाहेर काढून, समोर बघत होतात. मी डोकं वर केलं तर पुढे रूळ दुरुस्त करणाऱ्या गँगची ट्रॉली रुळावर आणि सहा माणसं ती उचलतायत. मी ओरडलो. तुम्ही ब्रेक लावलात. ब्रेक तुम्ही लावलात तसा त्या शेडमध्ये दुसऱ्या कोणाला लावता येणार नाही, हे मी आजही म्हणेन. इंजिन सिग्नलच्या खांबाच्या पुढे जाऊन थांबलं. ट्रॉली वाचली. माणसं वाचली. एका बाईची खडीची पाटी चाकाखाली गेली. ती बाई रुळाच्या कडेला हात तसेच पुढे धरून उभी होती, पाटी अजून हातात असल्यासारखे.

मुकादम रुपचंद धावत आला आणि खालून म्हणाला, "ड्रायव्हरसाहेब, डोया घर खुंटीले टांगीसन उनात का?" डोळे घरी टांगून आलात का, हे ऐकून तुम्ही हसलात, त्याला बिडी दिलीत, ब्रेकची तक्रार आहे म्हणालात. त्यानं मानलं. त्यानं वर कळवलं असतं तर त्याच दिवशी सगळं उघडं पडलं असतं. पण तुम्ही जीवरामभाऊ, बावीस वर्षं एक ठपका नाही, म्हणून त्यानं वर काही कळवलं नाही. गार्डाला मीही तेच सांगितलं. ब्रेक. त्या ब्रेकला काही झालं नव्हतं. शेडवर फिटरनं तो खोलून तपासला आणि पुन्हा बसवला, आणि मला म्हणाला, वना, तुमचं इंजिन लबाड आहे, माझ्यासमोर नीट वागतं. मी त्याच्याबरोबर हसलो. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. झुंबरनं विचारलं तर मी पोटाचं कारण सांगितलं.

आता लोटन. शिरपूरकडचा आहे, कामाला वाघ आहे, कोळसा माझ्यापेक्षा बरा टाकतो. परवा तो रनिंग रूममध्ये भेटला तेव्हा इतका खूश होता की पेढे आणले होते. जीवरामभाऊंच्या हाताखाली लागलो, म्हणत होता. मी त्याला एकीकडे घेतलं आणि म्हटलं, सिग्नल आला की तू आधी आवाज देत जा, भाऊंची वाट बघू नको. तो माझ्याकडे मी काही वावगं बोलल्यासारखा बघत राहिला. "इतला मोठा ड्रायव्हर शे, वनाभाऊ. त्यासना पहिले मी काय बोलसू?" मी दोनदा सांगितलं. त्यानं दोन्ही वेळा मान हलवली, पण त्याच्या चेहऱ्यावरून मला दिसत होतं की तो तोंड उघडणार नाही. तुम्ही "पडला" म्हणालात तर तो "पडला" म्हणेल. वर बघूनसुद्धा म्हणेल. समोर हात आडवा दिसत असला तरी त्याला वाटेल, आपलंच चुकत असेल. मीही पहिली दोन वर्षं तसाच होतो. त्याला खरं कारण सांगावं असं मनात आलं. तुमचं गुपित त्या नवख्या माणसाच्या डोक्यावर ठेवून सोमवारी त्याला इंजिनवर पाठवायचं, हे माझ्यानं झालं नाही.

इथं धुळ्यात एक डोळ्यांचे डॉक्टर आहेत. त्यांना मी तुमचं नाव न घेता विचारून आलो. माझा एक मामा आहे, समोरचा माणूस धुरकट दिसतो, उन्हात जास्त त्रास होतो, असं सांगितलं. ते म्हणाले, मोतीबिंदू असावा, पिकला की काढता येतो, मग जाड चष्म्यानं बरंच दिसेल, मामांना घेऊन या. मी म्हटलं, मामा इंजिन चालवतात. त्यावर ते म्हणाले, तेवढं आता होणार नाही. हे तुम्हालाही ठाऊक आहे. म्हणूनच तुम्ही वर्षभर कुठल्या डॉक्टरची पायरी चढला नाहीत. पण भाऊ, लिहून दिलं तर रेल्वे घरी बसवत नाही. शेडमध्ये काम देतात, नव्या माणसांना शिकवायला ठेवतात. पगार कमी होईल, पास राहतो. मी तुम्हाला हे समजावू नये; तुम्हीच मला नोकरी समजावून सांगितली होती. आणि माझं म्हणाल, तर चौदा महिने मी पाहिलेलं लपवलं आणि एकदा खोटी तक्रार लिहवली. हे वर गेलं की माझी बढती जाईल, कदाचित नोकरीही. आधी त्या भीतीनंच मी गप्प बसलो होतो, तुमच्या प्रेमाचं नाव पुढे करून. तेवढं मला आता स्वतःशी कबूल करता येतं.

बेबावहिनी, इथून पुढे मी तुमच्याशी बोलतो. हे पत्र भाऊंच्या नावानं आलं तरी वाचताय तुम्हीच, हे मला माहीत आहे. भाऊंचं परवाचं पत्र तुमच्या अक्षरात होतं, त्याआधीचंही. इंजिनाच्या धगीनं डोळे चुरचुरतात, तूच वाच, तूच लिही, असं ते वर्षभर तुम्हाला सांगत आलेत आणि तुम्ही दमलेला माणूस म्हणून ऐकत आलात. तुम्हाला हे सांगायला मी दोनदा तुमच्या घरी आलो होतो. दोन्ही वेळा तुम्ही मला ताट वाढून विचारलंत, वना, बेटावर तीन दिवसांना किती भाकऱ्या लागतील? आणि मी आकडा सांगून, जेवून परत आलो. तोंडानं जमत नव्हतं म्हणून हे लिहिलं. तुम्हाला वेगळं लिहिलं असतं तर ते आधी भाऊंच्या हाती पडलं असतं आणि उघडलंच गेलं नसतं. त्यांच्या नावानं लिहिलं तर ते स्वतःच तुमच्या हातात देतील, हे धरून मी सगळं सुरुवातीपासून लिहिलं. भाऊंशी हे कपट आहे. त्याबद्दल ते मला जे म्हणतील ते मी ऐकून घेईन. आज धुळवड, टपाल बंद. हे मी मेल गाडीच्या टपालडब्यात टाकतोय, शनिवारी तुम्हाला मिळेल. आपल्याला दिसत नाही हे भाऊंनी स्वतःच्या तोंडानं साहेबांना सांगावं, दुसऱ्या कोणी सांगितलं असं होऊ नये, एवढ्यासाठी मी तुमच्याकडे हे दोन दिवस मागतोय. अर्ज मी लिहीन, त्यांनी सही करावी, मी त्यांच्याबरोबर शेडवर येईन आणि माझं मी सांगेन. सोमवारी चारच्या सुमाराला मी भुसावळला उतरतोय. येताना पासाचे दोन कोरे फॉर्म आणतो. भाऊ घरात असले तर आधी अर्ज करू, मग फॉर्म भरू, आणि या वेळी तारीख मी घालीन, याच महिन्यातली. ते डबा घेऊन निघून गेलेले असले, तर दारातून मला हाक मारू नका. मी तसाच शेडवर साहेबांकडे जाईन.

तुमचाच,
वना